पहिल्यांदा होस्टेलला जाताना सामानाच्या यादीआधी हे वाच

तू विचारलंयस की पहिल्या वर्षाला विद्यापीठाचं होस्टेल मिळालंय, दोघींची रूम आहे, दुसरी कोण ते तिथे गेल्यावरच कळणार, तर सामान काय न्यायचं, तिच्याशी पटलं नाही तर काय करायचं, आणि घर तीन-चार तासांवरच आहे तर दर वीकेंडला घरी आलं तर चालेल का. मी बरीच वर्षं विद्यापीठाच्या होस्टेलची रेक्टर होते, नव्या मुली येताना पाहिल्यात आणि वर्ष संपल्यावर रूम खाली करून जातानाही पाहिल्यात, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल पण जायच्या आधी वाचून काढ.

आधीच एक सांगून टाकते. माझ्या ऑफिसात जी भांडणं, रडारड, डिपॉझिटच्या तक्रारी आल्या त्यातल्या बहुतेक अशा होत्या की पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं बोलणं झालं असतं किंवा दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर त्या माझ्यापर्यंत पोचल्याच नसत्या. पहिल्या आठवड्यात कुणी कुणावर चिडलेलं नसतं, सगळेच नवे असतात, काहीही विचारलं तरी कुणाला राग येत नाही. दोन महिन्यांनी तोच प्रश्न विचारला की तो टोमणा वाटतो. म्हणून खाली जे काय लिहिलंय ते सगळं याच अंगाने वाच की कुठली गोष्ट लवकर करून ठेवायची.

सामानाचं पटकन संपवते कारण खरं सांगायचं तर ते सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. रूम बघायच्या आधी मोठं काही विकत घेऊ नकोस. गादी, चादरीचे सेट, कपाटातले ऑर्गनायझर, टेबल लॅम्प हे सगळं लोक आधी घेतात आणि मग कळतं की गादी तिथे आहेच, तिचं माप वेगळं आहे, कपाटाला आत रॉडच नाहीये. होस्टेलच्या ऑफिसला एक मेल टाक, गादीची लांबी-रुंदी काय, खोलीत काय काय मिळतं, आणि काय आणायला बंदी आहे एवढंच विचार, बहुतेक ठिकाणी उत्तर देतात. बरोबर न्यायलाच हव्यात अशा गोष्टी म्हणजे कागदपत्रं आणि त्यांच्या कॉपीज, नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट, आपलं स्वतःचं चांगलं कुलूप, कॉमन बाथरूमसाठी रबरी चपला (पायाचं फंगल इन्फेक्शन ओल्या फरशीवरून पसरतं, ही चप्पल चैन नाहीये), इअरप्लग आणि डोळ्यांवरची पट्टी. शेवटच्या दोन गोष्टी छोट्या वाटतात पण रूममेटबरोबरचे अर्धे वाद झोपेवरून होतात आणि तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते, ती मिळाली नाही की सगळंच वाईट दिसायला लागतं. आणखी एक, पहिल्या रात्रीचं सामान वेगळ्या छोट्या बॅगेत ठेव, चादर, टॉवेल, चार्जर, औषध, कपड्यांचा एक जोड, पाण्याची बाटली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत इतकं दमायला होतं की चार बॅगा उपसून टूथब्रश शोधायची ताकद राहत नाही. बाकी सगळं दुसऱ्या आठवड्यात आणता येतं, आणि तेव्हा काय लागतंय ते खरं कळलेलं असतं.

आता खोलीत पाय ठेवल्यावरचा पहिला अर्धा तास. यावर मी जरा थांबणार आहे कारण हा अर्धा तास जवळजवळ कुणीच नीट वापरत नाही. बॅगा दाराबाहेर किंवा बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेव, पलंगावर अजिबात नको. आधी गादी तपास. मोबाईलचा टॉर्च लाव, गादीच्या कडेची शिवण बोटांनी उलगडून बघ, चारही कोपरे, मग गादी उचलून खालची फळी, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, भिंतीला लागलेली बाजू. ढेकूण असले तर शिवणीवर काळे ठिपके दिसतात, कापडावर पेनाची शाई फुटल्यासारखे, शिवाय फिकट तपकिरी कात आणि एक मिलिमीटरएवढी पांढरट अंडी दिसतात. मोठा ढेकूण पाचेक मिलिमीटरचा, चपटा, तपकिरी असतो, सहज दिसतो. काही सापडलं तर फोटो काढ, सामान आत नेऊ नकोस आणि तडक ऑफिसला जा. स्वतः स्प्रे मारू नकोस, त्याने ते भिंतीतून शेजारच्या खोलीत पळतात आणि मग पूर्ण मजल्याचं काम होतं. कुणाच्या तरी रूमवर झोपायला पण जाऊ नकोस, त्याच कारणासाठी. आणि ढेकूण घाणीमुळेच होतात असं काही नाही, ते सामानातून येतात, कुठल्याही स्वच्छ खोलीत येऊ शकतात, त्यामुळे सांगायला लाजायचं कारण नाही. कपड्यांची शंका आली तर साठ डिग्रीच्या पाण्यात धुणं किंवा ड्रायरमध्ये हाय हीटवर अर्धा तास फिरवणं हा उपाय आहे, उष्णतेने ते आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात.

मग बाकीची खोली. प्रत्येक नळ सोडून बघ, फ्लश ओढून बघ, प्रत्येक प्लग पॉइंटला चार्जर लावून बघ, खिडक्या उघडून बंद करून बघ, कपाटाची कुलपं, दाराची कडी आतून, भिंतीवरचे डाग, छताच्या कोपऱ्यात ओल किंवा बुरशी. बहुतेक विद्यापीठं एक रूम कंडिशन फॉर्म देतात आणि मुली तो जिन्यातच सही करून परत देतात. असं करू नकोस. तो फॉर्म म्हणजे वर्षाच्या शेवटी तुझं डिपॉझिट आहे. आणि लिहिताना नेमकं लिही. 'खिडकी खराब' असं लिहिलं तर त्याचा अर्थ वर्षाच्या शेवटी कुणीही काहीही लावू शकतं, 'खिडकीच्या डाव्या दाराची खालची कडी तुटलेली, काचेला वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटभर तडा' असं लिहिलं की विषय संपला. सगळ्याचे फोटो काढ, आधी लांबून पूर्ण भिंत आणि मग जवळून तो डाग, म्हणजे तो कुठला डाग आहे ते कळतं. ते फोटो त्याच दिवशी ऑफिसच्या मेलवर पाठव. फोनमध्ये ठेवलेला फोटो फोन बदलला की जातो, पाठवलेल्या मेलवर तारीख पडते आणि ती दोन्हीकडे राहते. मी स्वतः कित्येकदा फक्त अशा एका मेलच्या जोरावर मुलीचा दंड माफ केलाय, आणि मेल नव्हता म्हणून मुलगी खरं बोलतेय हे दिसत असूनही काही करता आलं नाही असंही झालंय, तेव्हा फार वाईट वाटतं.

फॉर्मबरोबर एक करारनामा असतो, दहा-बारा पानी, तो कुणी वाचत नाही. पूर्ण वाचलास तर उत्तमच, नाहीतर निदान एवढं शोध: मध्येच सोडलं तर पैसे कुठल्या तारखेपर्यंत परत मिळतात, सुट्टीत खोली खाली करावी लागते का आणि सामान ठेवता येतं का, खोलीत कोण कधी येऊ शकतं आणि आधी सांगावं लागतं का, पाहुण्यांचे नियम, आणि किल्ली हरवली तर काय. पुष्कळ ठिकाणी हा भाडेकरार नसतोच, फक्त राहण्याची परवानगी असते, म्हणजे भाडेकरूचे सगळे हक्क तुला लागू होतीलच असं नाही. त्यात काय लिहिलंय ते माहीत असलेलं बरं.

विजेच्या वस्तूंवर बंदी असते आणि मुलींना वाटतं की रेक्टरला उगाच त्रास द्यायचाय. हिशोब करून बघ. सॉकेट सहा अँपिअरचं असेल आणि व्होल्टेज २३० असेल तर त्यावर जास्तीत जास्त १३८० वॅट चालतं, म्हणजे २३० गुणिले ६. लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॅट घेतो, असे तीन-चार लावले तरी काही बिघडत नाही. पण पाणी तापवायची किटली किंवा कॉइल एकटीच १५०० च्या आसपास जाते, हेअर ड्रायरही तेवढाच. त्यात एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन जोडलेलं, ते गादीखालून नेलेलं, वर चादर लोंबतेय, आणि वायर आतून तापतेय हे कुणाला दिसत नाही. होस्टेलच्या आगी अशाही लागतात. एकच चांगल्या प्रतीचा बोर्ड घे, ज्यात जास्त लोड आला की आपोआप बंद व्हायची सोय आहे, तो नियमात बसतो का विचारून घे, आणि उष्णता निर्माण करणारी कुठलीही वस्तू त्यावर लावू नकोस. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी रात्रभर खोलीत चार्जिंगला लावणं तर पूर्ण बंद, लिथियम बॅटरी पेटली की पळायला सेकंदच मिळतात.

पहिल्या संध्याकाळी एक काम कर, दोन मिनिटांचं आहे. आपल्या दारातून निघून जवळच्या जिन्यापर्यंत चालत जा आणि मध्ये किती दारं लागतात ते मोज, डावीकडची की उजवीकडची ते पण. मग जिन्याने खाली उतरून थेट बाहेर निघ, तो शेवटचा दरवाजा खरंच उघडतो का बघ. दुसरा जिना असेल तर तोही. धूर झाला की डोळ्यांना काही दिसत नाही, लिफ्ट वापरायची नसते, आणि भिंतीला हात लावून खाली वाकून जाताना 'चौथ्या दारानंतर जिना' एवढंच कामाला येतं. आम्ही ड्रिल घ्यायचो तेव्हा अर्ध्या मुली ज्या जिन्याने रोज येतात त्याच जिन्याकडे धावायच्या, जवळचा जिना पाठीमागे होता हे त्यांना माहीतच नसायचं. स्मोक डिटेक्टरवर पिशवी बांधलेली पण खूप पाहिलीये. ती दिसली तर काढायला लाव, तुझी रूममेट असली तरी.

आता रूममेट. तुझा खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं.

आधी एक ओझं उतरवून ठेव, ती तुझी जिवलग मैत्रीण व्हायलाच पाहिजे असं काही नाही. दोघी एकमेकींशी नीट वागतात, झोपू देतात, वस्तूंना हात लावत नाहीत आणि आजारी पडलं तर बघतात, एवढं झालं तर ती चांगली रूममेट. मी पाहिलेल्या उत्तम जोड्यांमधल्या कित्येक जणी बाहेर कधीच एकत्र फिरल्या नाहीत. उलट पहिल्या दिवसापासून गळ्यात गळे घालून सगळीकडे बरोबर जाणाऱ्या जोड्या बऱ्याचदा लवकर बिनसतात, कारण मग खटकलेलं सांगताच येत नाही, मैत्री तुटेल याची भीती वाटते.

तिचा तुझ्यावर परिणाम किती होईल याचाही अंदाज देते. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना रूममेट जवळपास चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दिले जायचे, त्यावर ब्रूस सॅसरडोट नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केला, तो २००१ मध्ये छापून आला. त्यात असं दिसलं की रूममेटचा परिणाम मार्कांवर आणि कुठल्या ग्रुपमध्ये सामील व्हायचं यावर होतो, पण मुख्य विषय कुठला निवडायचा अशा मोठ्या निर्णयांवर दिसला नाही. माझा अनुभवही साधारण तसाच. ती रात्री टेबलावर बसून वाचत असेल तर तूही बसशील, ती रात्रभर सिरीज बघत असेल तर तुझंही वाचन ढिलं पडेल. पण तुझं आयुष्य ती ठरवणार नाहीये, त्यामुळे वाईट रूममेट मिळाली म्हणून वर्ष गेलं असं समजू नकोस. खोलीत अभ्यास होत नसेल तर लायब्ररीत एक जागा पकड आणि रोज तिथेच बस, हा उपाय साधा आहे पण हमखास चालतो.

बोलणं मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत करून टाक. 'आपण अ‍ॅडजस्ट करू' हे बोलणं नव्हे. त्याने काहीच ठरत नाही, प्रत्येकीच्या डोक्यात अ‍ॅडजस्ट म्हणजे दुसरीने करायचं असतं. बारीक बारीक विचार. तुला झोपायला पूर्ण अंधार लागतो का? आठवड्याच्या दिवसांत किती वाजता लाइट बंद करायचा? मला रात्री वाचायचं असेल तर टेबल लॅम्प चालेल का? अलार्म किती वाजताचा, पहिल्याच वाजण्याला उठतेस की स्नूझ करतेस? फोनवर मोठ्याने बोलायचं तर बाहेर जायचं का? कुणी मैत्रीण यायची असेल तर किती आधी सांगायचं, रात्री राहायला चालेल का? माझं काय वापरलेलं चालेल आणि कशाला हात लावायचा नाही? खिडकी उघडी की बंद? कचरा कोण टाकणार, झाडणार कोण आणि कधी? आणि सगळ्यात उपयोगाचा प्रश्न, जो कुणी विचारत नाही: तुला राग आला तर तू बोलतेस की गप्प होतेस? गप्प होणारी आणि लगेच बोलणारी अशी जोडी असेल तर बोलणारीला वाटतं सगळं ठीक चाललंय आणि गप्प बसणारी आतून साठवत असते, मग परीक्षेच्या आदल्या रात्री स्फोट होतो. हे आधी माहीत असलं तर बोलणारी अधूनमधून विचारू शकते.

जे ठरेल ते एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. लिहायला संकोच वाटतो, आपण काय वकील आहोत का असं वाटतं, पण लिहिलेलं असलं की नंतर 'तू असं म्हणाली होतीस' हा वाद होत नाही. तीन-चार आठवड्यांनी परत एकदा दोघी बसा आणि बदला, कारण पहिल्या आठवड्यात प्रत्येकजण जरा जास्तच चांगलं वागत असतं, खऱ्या सवयी नंतर दिसतात.

एक उदाहरण सांगते. दोघी होत्या, एकीचा अलार्म पहाटे पाचला, ती पाच-सहा वेळा स्नूझ करून सहाला उठायची. दुसरी रात्री दीडला झोपणारी. दुसरीने दीड महिना काही सांगितलं नाही, उशी डोक्यावर घेऊन पडून राहायची, आणि मग एक दिवस थेट माझ्याकडे रूम बदलायचा अर्ज घेऊन आली, खाली तिने लिहिलं होतं 'मानसिक छळ'. मी दोघींना बसवलं तर पहिलीला खरोखर पत्ताच नव्हता, तिला वाटायचं ही गाढ झोपलेली असते. तिने मनगटावर बांधायचं व्हायब्रेट होणारं घड्याळ घेतलं आणि प्रश्न त्याच आठवड्यात मिटला. पण दीड महिन्याची अढी जायला पूर्ण सेमिस्टर लागलं. पहिल्या चार दिवसांत 'अगं तुझ्या अलार्मने मला जाग येते, काही करता येईल का' एवढं एक वाक्य पुरलं असतं.

सांगतानाही 'तू नेहमी असंच करतेस' असं सुरू करू नकोस. जे झालं तेवढंच सांग आणि काय हवंय ते सांग. 'काल आणि परवा बारानंतर व्हिडिओ कॉल चालू होता, मला सकाळी आठचं लेक्चर असतं, बारानंतर तू कॉमन रूममध्ये बोलशील का?' बस. मेसेज करून सांगू नकोस, समोर सांग, मेसेजमधला आवाज वाचणारी आपल्या मूडप्रमाणे लावते. आणि मजल्यावरच्या बाकीच्या मुलींना आधी सांगून तिला शेवटी कळवणं तर अजिबात नको, त्यानंतर गाडी रुळावर येणं फार अवघड.

एवढं करूनही जमलं नाही तर रूम बदलता येते, त्यात कमीपणा नाही. फक्त बहुतेक ठिकाणी पहिले काही आठवडे बदल बंद असतात कारण कोण आलं, कोण आलं नाही याचाच मेळ लागलेला नसतो, त्यामुळे 'नाही' ऐकलं तर ते तुझ्याविरुद्ध आहे असं समजू नकोस. अर्ज करताना 'ती चांगली नाही' असं न लिहिता तारखा लिही, काय झालं, तू तिच्याशी कधी बोललीस, त्यानंतर काय बदललं किंवा नाही बदललं. असा अर्ज वाचला की मला पंधरा मिनिटांत निर्णय घेता यायचा. आणि आई-बाबांना फोन करायला लावण्याआधी स्वतः जाऊन भेट, पालकांच्या फोनने प्रकरण मोठं होतं आणि रूममेटच्याही घरून फोन येतो. अपवाद एकच. मारहाण, धमकी, चोरी, लैंगिक त्रास, नशेचे प्रकार, किंवा सीनियर्सनी रॅगिंग करणं, यात समजून घेणं, वाट बघणं, आधी तिच्याशी बोलणं यातलं काहीच करायचं नाही. त्याच दिवशी रेक्टरला आणि घरी, दोघांना सांगायचं, मेसेज डिलीट करायचे नाहीत, आणि तक्रार लेखी द्यायची. 'आमच्या वेळी पण झालं होतं' असं कुणी म्हणालं तरी थांबायचं नाही. मला हे आधी कळलं असतं तर, असं ज्या ज्या वेळी मनात आलं त्या सगळ्या वेळा अजून लक्षात आहेत.

आता वीकेंडचं. तू विचारलंयस तसं दर शनिवारी घरी गेलं तर चालेल का, तर नियमात चालतं, पण माझं मत असं की पहिले चार-पाच वीकेंड तिथेच काढ, आणि का ते सांगते. १९५० मध्ये लिऑन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोण कुणाचा मित्र झालं याचा अभ्यास मांडला होता. शेजारच्या दारातल्या लोकांपैकी ४१ टक्के एकमेकांना जवळचे म्हणाले, मध्ये एक दार सोडून २२ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये फक्त १० टक्के. अंतर काही फुटांचं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख झाली कारण वरचे लोक रोज तिथून जायचे. म्हणजे मैत्री ही बरीचशी येता-जाता दिसण्यावर असते. तुझी खोली कॉरिडॉरच्या टोकाला असली तर तुला मुद्दाम मध्ये जाऊन बसावं लागेल, कॉमन रूममध्ये, मेसमध्ये, वॉशिंग मशीनपाशी. पहिले काही दिवस खोलीत असताना दार उघडं ठेव, कपडे बदलत नसशील आणि झोपलेली नसशील तेव्हा. दार उघडं असलं की जाणारी येणारी 'हाय' म्हणते.

आणि वेळ लागतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये असा अंदाज मांडला की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, चांगली मैत्री व्हायला ९०, आणि जवळच्या मैत्रीला २०० च्या वर. त्यात वर्गात शेजारी बसलेल्या तासांचा फार उपयोग होत नाही, रिकामपणी गप्पा मारत घालवलेला वेळ मोजायचा. असा रिकामा वेळ होस्टेलला मुख्यतः शनिवारी-रविवारीच असतो. तू प्रत्येक शनिवारी बॅग उचललीस तर ते तास बाकीच्यांचे एकमेकींबरोबर भरतात आणि तुझे भरतच नाहीत, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरला तुला वाटतं माझंच काहीतरी चुकतंय, माझ्यातच काही कमी आहे. तसं काही नसतं, तास कमी पडलेले असतात. तिसऱ्या आठवड्यात एकटं वाटणं हे अगदी ठरलेलं आहे, कारण हिशोबानेच अजून कुणी जवळचं झालेलं नसतं, आणि जी मुलगी तुला सगळ्यांत मिसळलेली दिसते तीसुद्धा रात्री उशीत तोंड खुपसून रडलेली असते, मला माहीत आहे कारण ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन सांगायची.

घरच्यांशी बोलण्याची एक वेळ ठरव. संध्याकाळी साडेसात ते नऊ ही वेळ सगळ्यात वाईट असते, लेक्चर संपलेली, अभ्यासाला बसलेलं नाही, घरी आत्ता काय चाललं असेल ते डोळ्यांसमोर येतं. त्या वेळेत तासभर फोनवर बसलीस तर रडू वाढतं आणि मेसमध्ये जायचं राहतं, जिथे माणसं भेटली असती. त्यापेक्षा मेसला जाऊन ये आणि मग पंधरा-वीस मिनिटं बोल. आईलाही सांगून ठेव की तुझा आवाज रडवेला लागला म्हणून लगेच 'ये परत' म्हणू नकोस, तिलाही तितकंच कठीण जातंय. पाचव्या-सहाव्या आठवड्यात घरी जा, मजेत जा, दोन दिवस राहा. तोपर्यंत बहुतेकींना परत यावंसं वाटायला लागलेलं असतं.

पण आठवण येणं वेगळं आणि आजार वेगळा, हे मी फार मनापासून सांगतेय. दोन आठवडे सलग झोप नाही, किंवा दिवसभर झोपूनच, जेवण जात नाही, लेक्चरला जायची इच्छा नाही, आंघोळ करायचाही कंटाळा, कशातच काही वाटत नाही, असं असेल तर समुपदेशकाकडे जा, बहुतेक विद्यापीठांत ते विनाशुल्क असतात आणि तू काय बोललीस ते घरी किंवा विभागाला कळवत नाहीत, जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. जगू नये असं मनात आलं, एकदा जरी, तर त्याच रात्री ड्युटीवर जी कुणी असेल तिचं दार वाजव. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. मला अशा दारावरच्या थापेचा कधीच त्रास झाला नाही आणि या कामातल्या कुणालाही होत नाही, आम्ही त्यासाठीच तिथे राहतो. शेजारची मुलगी असं बोलली तर ते गुपित म्हणून ठेवू नकोस, ती रागावली तरी चालेल.

शेवटी तब्येतीचं एक, जे सामानाच्या कुठल्याच यादीत नसतं. पहिल्या वर्षाला होस्टेलमध्ये राहायला आलेल्या मुलांमध्ये मेनिंगोकोकल नावाच्या मेंदूज्वराचा धोका जास्त असतो, कारण वेगवेगळ्या ठिकाणची माणसं एकदम एकत्र राहायला येतात आणि तो जंतू घशातून, जवळच्या संपर्कातून पसरतो. आजार दुर्मीळ आहे पण झाला तर चोवीस तासांत जीव जाऊ शकतो. लस आहे, ए, सी, डब्ल्यू, वाय या चार प्रकारांची एक आणि बी प्रकाराची वेगळी. जायच्या निदान दोन आठवडे आधी डॉक्टरांशी बोल, कारण लस घेतल्यावर शरीराला तयार व्हायला वेळ लागतो. लक्षणं पाठ करून ठेव: जोराचा ताप, प्रचंड डोकेदुखी, मान आखडणं, उजेड सहन न होणं, उलट्या, गोंधळल्यासारखं बोलणं, हातपाय गार, आणि अंगावर लाल-जांभळे ठिपके. काचेचा ग्लास त्या ठिपक्यांवर दाबून धरला आणि ते फिके पडले नाहीत तर थेट हॉस्पिटल. सावळ्या त्वचेवर ठिपके पटकन दिसत नाहीत, तळहात, तळपाय आणि पापणीच्या आतली बाजू बघायची. आणि ठिपके यायची वाट बघायची नाही, ते उशिरा येतात किंवा येतच नाहीत. रूममेटला नुसता ताप आला आणि ती म्हणाली मला फक्त झोपू दे, तर दर तासाला उठवून तिला तिचं नाव आणि आज वार कुठला ते विचार. उत्तर नीट आलं नाही किंवा वरचं आणखी एखादं लक्षण दिसलं की रेक्टरला उठव, अँब्युलन्स बोलाव, आणि ती जाईल तेव्हा तिची नेहमीची औषधं आणि घरचा फोन नंबर तिच्याबरोबर दे. म्हणजे हे दोन्ही एकमेकींना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवायला हवेत, त्या कपाटाच्या दारावरच्या कागदावर खालच्या बाजूला लिहा.